गणिताच्या तासाची साधनं: काय टेबलावर ठेवावं, काय कपाटातच बरं

माध्यमिक वर्गांसाठीच्या गणित-साधनांची यादी काढायला बसलं तर ती संपत नाही. टाइल्स, खिळ्यांचे फलक, पारदर्शक घनाकृती, पत्ते, फासे, भिंतीवरचे तक्ते आणि वर मोफत मिळणारी अॅप्स. यातली बरीचशी दिसायला देखणी आणि वापरायला निरुपयोगी असतात. या परीक्षणात कसोटी एकच लावली आहे: मुलांच्या डोक्यातला चुकीचा समज, साधन हाती घेतल्यावर, त्यांना स्वतःलाच खोटा ठरलेला दिसतो का? ज्या साधनातून फक्त बरोबर उत्तर सजून पुढे येतं ते तक्त्याचंच काम करतं, आणि तक्ता स्वस्त पडतो.

शिवाय प्रत्येक साधन कुठेतरी अडतं. वस्तू तुटते असं नव्हे, त्यातलं गणित एका हद्दीपुढे चालत नाही. ती हद्द शिक्षकाला आधी ठाऊक हवी. नाहीतर वर्गातलं एखादं चौकस पोर ती पाच मिनिटांत शोधून काढतं आणि मग सारवासारव करावी लागते.

बीजगणिताच्या टाइल्स

विकत घ्यायच्या वस्तूंत पहिला क्रमांक यांचा. आकार तीनच: १ बाजूचा छोटा चौरस, १ × क्ष ची पट्टी आणि क्ष × क्ष चा मोठा चौरस. दोन बाजूंना दोन रंग असतात, ऋण पदांसाठी बहुधा लाल. दोघांत एक संच पुरतो. त्यात ४ मोठे चौरस, १२ पट्ट्या आणि २० छोटे चौरस असले की माध्यमिक पातळीवरची नेहमीची उदाहरणं निघतात.

घेताना दोन गोष्टी पट्टीने मोजून बघाव्यात. पहिली, लांब पट्टी छोट्या चौरसाच्या पूर्ण पटीत नसावी. छोटा चौरस २ सेंमीचा आणि पट्टी १० सेंमीची असेल तर मुलं पाच चौरस शेजारी ठेवून बघतात आणि ‘क्ष म्हणजे ५’ असं ठरवून मोकळी होतात. २ सेंमी आणि ७.३ सेंमी अशी जोडी चांगली. कितीही चौरस ठेवले तरी टोक जुळत नाही आणि क्ष हा क्षच राहतो. दुसरी, पट्टीची रुंदी छोट्या चौरसाच्या बाजूएवढीच हवी. स्वस्त संचांत इथे एक मिलिमीटरचा फरक असतो. तो एकट्या पट्टीत दिसत नाही, पण सहा पट्ट्या शेजारी लावल्या की ६ मिलिमीटरची फट पडते आणि बरोबर मांडणीही चुकीची दिसू लागते. फोमच्या टाइल्स आवाज करत नाहीत. चाळीस मुलांच्या वर्गात कडक प्लॅस्टिकचा खडखडाट ही किरकोळ बाब राहत नाही.

गुणाकारापासून सुरुवात करावी. वरच्या कडेला क्ष + ३, डाव्या कडेला क्ष + २ मांडून मधला आयत भरायचा. एक मोठा चौरस, पाच पट्ट्या, सहा छोटे चौरस. इथवर काहीच विशेष नाही. गंमत आहे ती उलट्या दिशेत: क्ष² + ५क्ष + ६ एवढ्या टाइल्स द्यायच्या आणि फट न ठेवता आयत करायला सांगायचं. अनेक जण सहा चौरस एका ओळीत, १ × ६ असे लावतात. मग दोन्ही बाजू भरायला सात पट्ट्या लागतात आणि हातात पाचच असतात. तेच सहा २ × ३ मांडले की पाच पट्ट्या नेमक्या बसतात. ‘गुणाकार ६ आणि बेरीज ५ येईल अशा दोन संख्या शोधा’ हा पाठ केलेला नियम कुठून आला, ते इथे बोटांना कळतं. यानंतर लगेच क्ष² + ५क्ष + ५ द्यावं. याचा आयत होत नाही, कसाही करा. सरावसंचातल्या सगळ्याच बहुपदींचे अवयव पडतात, म्हणून जगातल्या सगळ्याच पडतात अशी समजूत झालेली असते. ती या एका उदाहरणाने हलते.

टाइल्सचा सगळ्यात मोठा उपयोग मात्र (क्ष + ३)² = क्ष² + ९ या जुन्या दुखण्यावर. मोठा चौरस ठेवा, कर्णाच्या दुसऱ्या टोकाला नऊ छोटे ठेवा. दोन रिकामे आयत समोर दिसतात, प्रत्येकात तीन पट्ट्यांची जागा. फळ्यावर दहा वेळा लिहून जे होत नाही ते इथे एका नजरेत होतं.

पूर्ण वर्ग पद्धतीसाठीही साधन नामी आहे. क्ष² + ६क्ष मध्ये पट्ट्या तीन-तीन वाटल्या की कोपऱ्यात नऊची जागा आपोआप मोकळी राहते. क्ष² + ५क्ष आलं की अडतं, कारण पट्टी अर्धी करावी लागते आणि कोपरा ६.२५ चा होतो. प्लॅस्टिक कापता येत नाही. म्हणून जाड कागदाच्या दहा-बारा पट्ट्या वेगळ्या करून ठेवाव्यात आणि बिनधास्त कापू द्याव्यात.

ऋण पदांत साधनाची हद्द येते. क्ष² − क्ष − ६ घ्या. एक मोठा चौरस, एक लाल पट्टी, सहा लाल चौरस. सहाची मांडणी २ × ३ केली तर पाच पट्ट्यांची जागा उरते आणि हातात एकच. मग एक धन आणि एक ऋण पट्टी अशा दोन ‘शून्याच्या जोड्या’ बाहेरून आणायच्या. तीन लाल एका बाजूला, दोन धन दुसऱ्या बाजूला, आणि (क्ष − ३)(क्ष + २) मिळतं. युक्ती बरोबर आहे, पण लाल पट्टीचं क्षेत्रफळ ऋण कसं, या प्रश्नाला टाइल्सकडे उत्तर नाही. तिथे रंग हा केवळ हिशेबाची खूण आहे, हे उघड सांगून टाकावं. आमच्या मते धन सहगुणकांपुरत्या टाइल्स, मग वहीत काढलेला आयत, आणि ऋण पदं आली की नुसती चार खणांची चौकट, जिच्यात मापांचा आग्रह नसतो. टाइल्सवरच महिनाभर रेंगाळणारे वर्ग चौकटीकडे जायला नाखूश होतात. घनबहुपदी किंवा १२क्ष² सारखे मोठे सहगुणक यांच्यासाठी टाइल्स नाहीतच. ओढूनताणून वापरू नयेत.

खिळ्यांचा फलक

जिओबोर्ड हे नाव आता सगळ्यांना माहीत आहे. गणितशिक्षणतज्ज्ञ कॅलेब गॅटेग्नो यांनी १९५० च्या दशकात हा फलक प्रचारात आणला. ५ × ५ म्हणजे २५ खुंट्या, आणि रबरबँड. लहान मुलांचं खेळणं म्हणून तो खालच्या वर्गांकडे ढकलला जातो, पण याची खरी जागा माध्यमिक वर्गातच आहे.

पहिली चूक ठरलेली: खुंट्या मोजणं. पाच खुंट्या म्हणजे चार एकक. दुसरी चूक जास्त खोल आहे: तिरकी लांबीही आडव्याएवढीच धरणं. या दोन्हींवर एकच प्रश्न पुरतो. ‘या फलकावर किती वेगवेगळ्या क्षेत्रफळांचे चौरस होतात?’ जवळपास सगळे १, ४, ९, १६ सांगून थांबतात. मग कुणीतरी रबर तिरका ओढतं आणि २ क्षेत्रफळाचा चौरस निघतो. एकूण उत्तर आठ: १, २, ४, ५, ८, ९, १० आणि १६. तिरक्या चौरसाचं क्षेत्रफळ काढायला त्याच्याभोवती सरळ चौरस काढून चार कोपऱ्यांतले त्रिकोण वजा करावे लागतात, आणि नाव न घेता पायथागोरसचं प्रमेय वर्गात येऊन बसतं. क्षेत्रफळ २ असेल तर बाजू किती, हा पुढचा प्रश्न. √२ ला इथे ताणून धरलेली, बोट लावता येणारी लांबी मिळते. ३ क्षेत्रफळाचा चौरस का होत नाही, हा प्रश्न घरी न्यायला द्यावा. (३ ही दोन वर्गांची बेरीज नाही.) स्थानंही वेगळी धरली तर एकूण चौरस ५० होतात; ते मोजणं हा वेगळा तास.

आणखी एक छान सापळा. ‘समभुज त्रिकोण करून दाखवा.’ (०, ०), (४, १), (१, ४) हे तीन बिंदू घेतले तर त्रिकोण डोळ्याला समभुज वाटतो. दोन बाजू √१७, तिसरी √१८. चौरस जाळीवर अचूक समभुज त्रिकोण कितीही मोठा फलक घेतला तरी होत नाही, कारण त्याच्या क्षेत्रफळात √३ येतो आणि जाळीवरच्या बहुभुजाकृतीचं क्षेत्रफळ नेहमी पूर्ण किंवा अर्ध्या संख्येत असतं. दहावीच्या वयाच्या मुलांना हा युक्तिवाद पेलतो.

गेओर्ग पिक यांचं १८९९ मधलं सूत्रही इथलंच: क्षेत्रफळ = आतल्या खुंट्या + कडेवरच्या खुंट्यांची निम्मी संख्या − १. सूत्र सांगून पडताळायला लावणं म्हणजे मजा घालवणं. आत एकही खुंटी नसलेल्या आकृत्या आधी, मग एक खुंटी असलेल्या, असं तक्त्यात भरत गेलं की मुलं ते स्वतः बांधतात. अडचण येते ती खुंटीच्या जाडीची. खुंटी जाड असेल तर तिरक्या रेषेवरची खुंटी रबराच्या कडेवर आहे की आत, यावर वाद होतात आणि तक्ता बिघडतो. ३ मिलिमीटरपेक्षा बारीक खुंट्या आणि पातळ रबर बघून घ्यावेत. रबर सुटून डोळ्याकडे उडतो, म्हणून ताणताना दुसरं बोट खुंटीवर ठेवायची सवय पहिल्याच दिवशी लावावी.

खरं सांगायचं तर यातलं बरंचसं काम ठिपक्यांच्या कागदावरही होतं. फलकाचा फायदा इतकाच की चूक खोडावी लागत नाही, रबर सरकवला की झालं. म्हणून मुलं धाडस करतात. पण नोंद ठिपक्यांच्या कागदावर झालीच पाहिजे, नाहीतर तास संपल्यावर हाती रबरच राहतात.

गोल फलक मिळाला तर २४ खुंट्यांचा आणि मध्यभागी खुंटी असलेला घ्यावा. मधली खुंटी नसलेले फलकही विकले जातात. ते घेऊ नयेत. आंतरलिखित कोन कोनमापकाने मोजणं या फलकावर त्रासाचं आहे, रबर हलतो. त्याऐवजी केंद्रापासून तिन्ही बिंदूंपर्यंत त्रिज्येचे रबर लावावेत. समद्विभुज त्रिकोण तयार होतात, शेजारच्या दोन खुंट्यांमधला केंद्रीय कोन १५ अंश हे माहीत असतं, आणि बाकीचे कोन हिशेबाने निघतात. तो हिशेब म्हणजेच प्रमेयाची सिद्धता.

कापून जोडायच्या आकृत्या आणि घनाकृती

पायथागोरससाठी हेन्री पेरिगल यांची पाच तुकड्यांची विभागणी अजूनही सर्वांत सुबक. ६, ८, १० सेंमीचा काटकोन त्रिकोण घ्या. ८ च्या बाजूवरच्या चौरसाचा मध्य, त्या चौरसाचेच दोन कर्ण काढून, मिळवा. त्या मध्यातून एक रेषा त्रिकोणाच्या कर्णाला समांतर, दुसरी तिला लंब. चार एकरूप तुकडे होतात. ६ चा चौरस मध्ये आणि हे चार तुकडे भोवती ठेवले की १० चा चौरस भरतो. तुकडे फिरवावे लागत नाहीत, फक्त सरकवावे लागतात. कुणी फिरवत बसलं असेल तर कुठेतरी चुकलंय. कापण्याआधीची तपासणी सोपी आहे: प्रत्येक कापाची लांबी बरोबर १० सेंमी भरायला हवी.

याच्या जोडीला ६४ चं ६५ करणारं कोडं दिलंच पाहिजे. ८ × ८ चा चौरस दोन त्रिकोण (३ आणि ८ बाजूंचे) आणि दोन समलंब चौकोन (समांतर बाजू ३ आणि ५, उंची ५) असा कापायचा आणि ५ × १३ चा आयत म्हणून जोडायचा. एक चौरस सेंटिमीटर कुठून आला? त्रिकोणाच्या कडेचा चढ ३/८, समलंब चौकोनाच्या कडेचा २/५. दोन्ही कडा एका रेषेत नाहीतच. कोनांत सव्वा अंशाचा फरक आहे, आणि कर्णावर एक लांबट फट उरते जी कात्रीच्या खडबडीत कापात लपून जाते. तुकडे ‘बसले’ म्हणजे सिद्ध झालं नाही, हे सांगायला याहून चांगलं साधन नाही. पेरिगलचे तुकडे बसतात तेव्हा मात्र का बसतात, याची कारणं देता येतात.

रंगीत पाणी भरलेलं पायथागोरसचं फिरतं मॉडेल प्रदर्शनात गर्दी खेचतं. वर्गासाठी आम्ही ते सुचवणार नाही. ते एकाच त्रिकोणाचं असतं, तिन्ही कप्प्यांची खोली समान आहे हे विश्वासावर घ्यावं लागतं, कोपऱ्यात हवेचा बुडबुडा अडकला की पाणी पुरत नाही, आणि मुलांच्या हाताला करायला काही उरत नाही.

पारदर्शक शंकू आणि वृत्तचितीचे संच घेताना भिंतीची जाडी बघावी. माप बाहेरून समान असतं, भरतं मात्र आतलं. बाहेरून ५ सेंमी त्रिज्येच्या नळकांड्याची भिंत २ मिलिमीटर असेल तर आतली त्रिज्या ४.८, म्हणजे तळाचं आतलं क्षेत्रफळ जवळपास ८ टक्क्यांनी कमी. शंकूची भिंत तिरकी, त्यामुळे त्याची घट वेगळी. परिणाम असा की तीन शंकू ओतले तरी नळकांडं भरत नाही किंवा सांडतं, आणि शिक्षक ‘साधारण एक तृतीयांश’ म्हणून वेळ मारून नेतो. जाड कागदाचे केलेले बरे. त्रिज्या ६, उंची ८ सेंमीचा शंकू हवा तर तिरकस उंची १०. १० त्रिज्येच्या वर्तुळातून २१६ अंशांची पाकळी कापायची आणि चिकटवायला १ सेंमी पट्टी वाढवायची. नळकांड्यासाठी ३७.७ × ८ सेंमीचा आयत, अधिक तीच पट्टी. वाळू कोरडी आणि बारीक हवी, आणि प्रत्येक शंकू पट्टीने सपाट करूनच ओतायचा. शीग राहिली की हिशेब बिघडला. शंकूचं तोंड दाबून अंडाकृती होतं, म्हणून कडेला जाड कागदाची कडी लावावी.

काहीच नसेल तर ए-४ चे दोन कागद आहेतच. एक आडवा, एक उभा गुंडाळा. वक्रपृष्ठफळ तेच, मग घनफळही तेच असणार असं बहुतेक जण ठामपणे म्हणतात. एक येतं सुमारे १४७४ घन सेंमी, दुसरं १०४२. आणि त्यांचं गुणोत्तर √२, कारण कागदाच्या २९७ आणि २१० मिलिमीटर बाजूंचं गुणोत्तरच तेवढं आहे. खर्च शून्य, आणि चुकीचा अंदाज इतक्या सफाईने पाडणारी कृती विकतच्या संचांत क्वचितच सापडते.

पडद्यावरची साधनं

जिओजेब्रा हे गणिताचं सॉफ्टवेअर मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबुर्ग विद्यापीठात सुरू केलं. अव्यावसायिक वापराला मोफत, उतरवून घेतल्यास इंटरनेटशिवायही चालतं. भूमितीसाठी याला तोड नाही, पण बहुतेक वर्गांत ते चुकीच्या टोकाने वापरलं जातं. तयार कृती उघडायची, सरकपट्टी हलवायची, मुलांनी बघायचं. तो सिनेमा झाला. तयार कृती कुणीही चढवू शकतं, त्यामुळे दर्जाही वाटेल तसा असतो.

त्याऐवजी कोरं पान द्यावं आणि चौरस काढायला सांगावं. बरेच जण जाळीच्या अंदाजाने चार मोकळे बिंदू ठेवून जोडतात. मग एक शिरोबिंदू ओढायला सांगा. चौरस वेडावाकडा होतो. लंब रेषा आणि वर्तुळ वापरून रचलेला चौरस कसाही ओढला तरी चौरसच राहतो. चित्र आणि रचना यांतला फरक एवढ्या झटक्यात दाखवणारं दुसरं काही नाही. आंतरलिखित कोनाचा शिरोबिंदू कंसावर ओढत दुसऱ्या कंसावर नेला की मापाची जागा १८० वजा ते माप घेतं. चक्रीय चौकोनाची सुरुवात तिथूनच करावी.

दोन तांत्रिक खड्डे आधीच माहीत असू द्यावेत. कोन मोजताना तीन बिंदूंवर उलट्या क्रमाने टिचकी मारली तर ४० ऐवजी ३२० अंश दिसतात. कोनाच्या गुणधर्मांत ० ते १८० ही मर्यादा निवडावी. आणि मापं मुळात दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवली जातात, त्यामुळे त्रिकोणाच्या तीन कोनांची दिसणारी बेरीज कधीकधी १८०.०१ येते. मुलं ते पकडतात. पकडू द्यावं, दशांशस्थळं वाढवून तो फरक कुठून येतो ते तिथल्या तिथे दाखवता येतं. मोठा धोका वेगळाच आहे: पन्नास त्रिकोणांत बेरीज १८० दिसली म्हणजे सिद्ध झालं असं पोरांना वाटतं. म्हणून ओढून झालं की पडदा बंद करून ‘का?’ विचारायचं.

आलेखांसाठी डेस्मॉस अधिक हलकं आणि चटपटीत. समीकरणात चढ आणि अंतःखंडाच्या जागी अक्षरं टाइप केली की सरकपट्ट्या लगेच तयार मिळतात. एक सावधगिरी: बोटांनी ताणताना एका अक्षाचं प्रमाण बदललं तर वर्तुळ लंबगोल दिसतं आणि लंब रेषा लंब वाटत नाहीत. सेटिंगमधून दोन्ही अक्षांचं प्रमाण समान करून घ्यावं. (क्ष² − ४)/(क्ष − २) चा आलेख अखंड सरळ रेषा दिसतो; क्ष = २ ला किंमत नाही हे रेषेवर बोट सरकवत त्या बिंदूपर्यंत गेल्याशिवाय कळत नाही. हा दोष नव्हे, चर्चेचा विषय आहे, फक्त आपण तिथे थांबलं पाहिजे. डेस्मॉस कंपनीचा वर्गकृतींचा (वर्गात पडद्यावर करायच्या तयार कृतींचा) भाग २०२२ मध्ये अॅम्प्लिफाय या दुसऱ्या कंपनीकडे गेला, कॅल्क्युलेटर वेगळा राहिला. दोन्ही एकाच ठिकाणी शोधू नयेत.

त्या वर्गकृतींतली सर्वांत मोलाची म्हणजे पॉलिग्राफ. समोर १६ आलेख. एकाने मनात एक धरायचा, दुसऱ्याने हो-नाही प्रश्न विचारत तो ओळखायचा. ‘वर तोंड आहे का?’, ‘त्या बाजूला झुकलाय का?’ असे प्रश्न फसत जातात आणि शिरोबिंदू, मूळ, सममिती-अक्ष हे शब्द गरज म्हणून येतात. हे कागदावरही तितकंच चांगलं चालतं: १६ पॅराबोला छापलेलं एक पान आणि दोघं जण. फक्त आलेख एकमेकांशी मिळतेजुळते निवडावेत. सगळे उठून वेगळे दिसले तर दोन प्रश्नांत खेळ संपतो.

कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट, म्हणजे पडद्यावर हाताळायच्या प्रतिकृतींचा संग्रह, मूळचं भौतिकशास्त्राचं, भौतिकीचे नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेलं. गणिताच्या प्रतिकृती मोजक्या पण नीटस आहेत. बऱ्याच मराठीत मिळतात आणि एकेक फाइल उतरवून इंटरनेटशिवाय चालवता येतात. समीकरणाचा तराजू आणि क्षेत्रफळावरून गुणाकार, या दोन घ्याव्यात. तराजूत मुलं अंदाजपंचे वजनं काढत उत्तराला पोचतात, म्हणून प्रत्येक पायरी वहीत लिहायची अट घालावी.

पत्ते

जुळवायचे पत्ते, म्हणजे समीकरण, तक्ता, आलेख आणि शब्दांतली परिस्थिती असे चार प्रकार, सहा संच, २४ पत्ते. सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त बोलणं घडवणारं साधन. चांगल्या संचात दोन-तीन पत्ते कोरे असतात, जे मुलांनी भरायचे. आणि एक-दोन पत्ते असे, ज्यांना जोडीदारच नाही. हे नसेल तर शेवटच्या चार-पाच जोड्या विचार न करता उरलेल्यावरून लागतात.

करताना होणारी चूक: जोड्या एका ओळीत छापून कात्रीने कापणं. वाकड्या कापावरून मुलं पत्ते जुळवतात, गणित वाचतही नाहीत. छापतानाच जागा मिसळाव्यात. साध्या ८० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम) कागदावर मागचं दिसतं. २५० जीएसएम घ्यावा.

‘माझ्याकडे आहे, कोणाकडे आहे?’ ही साखळी, म्हणजे एकाने आपल्या पत्त्यावरचा प्रश्न वाचायचा आणि उत्तर ज्याच्या पत्त्यावर त्याने पुढचा वाचायचा, मात्र आमच्या मते कपाटात ठेवावी. तीस मुलांत एकाच्या चुकीने सगळं थांबतं आणि त्या एकाकडे एकोणतीस जण बघतात. स्वतःचा पत्ता वाचून झालेल्याला पुढे लक्ष द्यायचं कारणच उरत नाही. तीच कल्पना भिंतीवर दहा पत्ते लावून बरी चालते: प्रश्न खाली, दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर वर, कुठूनही सुरू करायचं आणि दहा पत्त्यांनी परत तिथेच यायचं. चारच पत्त्यांत परत आलात तर चूक आहे, हे शिक्षकाने सांगावं लागत नाही.

उंची मोजणं, फासे

क्लिनोमीटर, म्हणजे उंच टोकाकडे बघताना होणारा कोन मोजायचं साधन, विकत घेऊ नये. कोनमापक, नळी, दोरा आणि जड नट एवढंच लागतं. दोरा दाखवतो तो आकडा ९० मधून वजा करायचा, हे निम्मा वर्ग विसरतो. डोळ्याची जमिनीपासूनची उंची मिळवायची, हे उरलेला. जागा कुठे घ्यायची हे कुणी सांगत नाही: ४५ अंशांच्या आसपास कोनात एका अंशाची चूक उंचीत सुमारे ३.५ टक्के चूक आणते, ७५ अंशांना ७ टक्के, ८० अंशांना १० टक्के. म्हणून इमारतीच्या पायथ्याशी उभं राहू नये. वाऱ्यात दोरा झुलतो. बघणाऱ्याने धरून ठेवावं आणि जोडीदाराने दोरा चिमटीत पकडून मग वाचावं.

संभाव्यतेसाठी नाण्यापेक्षा टाचणी, डोकं चपटं असलेली, जास्त शिकवते, कारण तिचं उत्तर आधी कुणालाच माहीत नसतं. दोन फाशांच्या बेरजेचा आलेख एका गटाच्या ३६ फेकींत त्रिकोणी दिसणार नाही. सगळ्या वर्गाच्या नोंदी एकत्र कराव्यात.

छोटे पांढरे फळे

या यादीतली सर्वांत साधी वस्तू, आणि एकच निवडायची तर हीच. ए-४ आकाराचा पांढरा जाड कागद लॅमिनेट केला, किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला की झाला फळा. पण याची किंमत प्रश्नावर ठरते. ‘१२ × ७ किती’ विचारून उपयोग नाही. ‘दोन्ही मुळं समान असलेलं वर्गसमीकरण लिहा.’ ‘मध्य ६ आणि मध्यक ५ येईल अशा पाच संख्या लिहा.’ ‘७ आणि ८ मधली एक अपरिमेय संख्या लिहा.’ उत्तरं अनेक, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून फायदा नाही, आणि ‘एक, दोन, तीन, वर’ म्हटल्यावर सगळ्या वर्गाचं डोकं एकदम समोर येतं. त्यातले दोन चुकीचे आणि एक बरोबर फळा, नाव न घेता, पुढे मांडून वर्गालाच निवाडा करू द्यावा. जिओजेब्रात बिंदू ओढण्याआधी अंदाजही यावरच लिहून घ्यावा; लिहिलेला अंदाज मागे घेता येत नाही.

जाड टोकाचे मार्कर द्यावेत, बारीक टोकाचं लिखाण शेवटच्या बाकावरून वाचता येत नाही. दिवसेंदिवस राहिलेलं लिखाण पुसलं जात नसेल तर त्यावरच ताज्या मार्करने गिरवून लगेच पुसावं, जुनी शाई सुटते. मार्कर आडवे ठेवावेत. टाइल्स आणि पत्त्यांच्या प्रत्येक पिशवीत आकडे लिहिलेली चिठ्ठी टाकावी, ४, १२, २० अशी, आणि तास संपायच्या पाच मिनिटं आधी मोजणी मुलांनीच करावी. तीन पट्ट्या हरवलेला संच पुढच्या तासाला बरोबर आयतही चुकीचा ठरवतो.